चव चांगली, मीठ योग्य

आमच्या कॉलेजच्या चव नोंदवहीत सहा रकाने आहेत. दिनांक, पदार्थ, चव, मीठ, वेळ आणि सही. नियम असा की जेवण वाढायच्या अर्धा तास आधी एका माणसाने ते खायचं आणि वहीत लिहायचं. अर्ध्या तासाने तो माणूस चालताबोलता असला तर बाकीच्यांनी जेवायला बसायचं. पूर्वी राजांकडे अशी माणसं असायची म्हणे. आमच्याकडे मी आहे. भाविक, टी.वाय.बी.कॉम., हजेरी क्रमांक एकोणचाळीस.

मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत मी त्या वहीत रोज लिहिलं: चव चांगली, मीठ योग्य. एकदाही खोडाखोड नाही. फक्त एक गोष्ट वहीत नव्हती, कारण तिला रकाना नव्हता. मला चव लागत नाही.

म्हणजे अजिबात नाही. मिरची खाल्ली की नाकातून पाणी येतं, त्यावरून कळतं की मिरची होती. बाकी भात, बुंदी, खोकल्याचं औषध, सगळं एकच. ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतं असं सांगणार होतो, पण ओला पुठ्ठा कसा लागतो तेही आता आठवत नाही.

आई फेब्रुवारीत गेली. बी.पी. होतं. डॉक्टरांनी मीठ बंद सांगितलं होतं, त्यावर ती म्हणायची, "मी मीठ खाते कुठे? मी चाखते." कॉलेजच्या कँटीनमध्ये ती आणि रंगूमावशी मिळून रोज दोनशे पानांचं बघायच्या. रांधायची रंगूमावशी, चाखायची आई. त्याला कारण होतं. रंगूमावशी कामतघर गावची, पक्की देवभोळी. सगळा स्वयंपाक उरकून एक पान भिंतीवरच्या गावदेवीच्या फोटोला दाखवल्याशिवाय ती जिभेला काही लावत नाही. घरच्या चार माणसांत हे खपून जातं. दोनशे माणसांच्या डाळीत मीठ किती, हे देवी सांगत नाही. म्हणून आई. ती तिच्या मुठीने तीन मुठी मीठ घालायची, पळीतली डाळ तळहातावर घ्यायची आणि चाटायची.

"देवीच्या आधी खातीस, कमळे. पाप लागल," मावशी म्हणायची.

"देवीला मीठ कमी पडलं तर ती गप बसते गं," आई म्हणायची. "पोरं बसत नाहीत."

तेराव्याचा स्वयंपाक रंगूमावशीनेच केला. मी पहिला घास घेतला आणि काहीच आलं नाही. मला वाटलं, मावशी मीठ विसरली. शेजारी मामा बोटं चाटत होते. मग मला वाटलं, दुःख असेल, आठवडाभरात जाईल. आठवडा गेला.

मावशी माझ्या पानासमोर येऊन उभी राहिली होती. "कसा झालाय रं?"

"छान."

"मीठ?"

"बरोबर."

तिने पदराने डोळे पुसले आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाली, "जीभ कमळची हाय पोराची." पुढच्या सोमवारी मी कँटीनमध्ये चाखायला हजर. आता सांगायचं तरी कसं? बाईला आईची एवढी एकच गोष्ट उरली होती, आणि ती माझ्या तोंडात होती.

मी कोविडची चाचणी दोनदा करून घेतली. निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. मी घेत नव्हतोच. मी काहीच घेत नव्हतो. आईचे मेसेज अजून फोनमध्ये आहेत. शेवटचा मेसेज आहे: येताना कोथिंबीर. मी तो वाचतो आणि मला एवढंच वाटतं की कोथिंबीर आणली होती का नव्हती, ते बघायला हवं.

मिठाचं मात्र जमलं. माझी मूठ आईच्या मुठीपेक्षा मोठी, म्हणून मी अडीच घालायचो. आठ महिने अडीच. लोक जेवत होते, ढेकर देत होते. अडीच एवढीच माझी पाककला.

तर ऑक्टोबरात कॉलेजने परिसंवाद काढला. तीन दिवसांचा, निवासी. विषय 'युवक आणि उद्याचा भारत'. अकरा कॉलेजांतली चौऱ्याऐंशी मुलंमुली, वर्गातली बाकं मागे ढकलून गाद्यांवर झोपणार. प्राचार्या मॅडमनी रंगूमावशीला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की बाहेरची मुलं आहेत, नावाचा प्रश्न आहे, जेवणाबद्दल एक जरी लेखी तक्रार आली तर दिवाळीनंतर कँटीन केटररकडे. केटरर आधीच येऊन ओटा मोजून गेला होता. त्याची माणसं डोक्याला पांढऱ्या जाळ्या लावतात आणि त्याच्या मेनूत भाताचं नाव दीड ओळीचं असतं.

मावशी केबिनमधून आली आणि कांदे चिरायला बसली. चार कांद्यांनंतर म्हणाली, "जमिनीवर गोदाम झाला, गोदामावर दिरांची नावं. घरात मी न् टीव्ही. हितनं काढला तर मी कोनाला वाढू रं? टीव्हीला?"

"नाही काढणार."

"तू हायस म्हनून हाय मी. नीट चाख."

"हो," मी म्हणालो.

परिसंवादाची आरोग्य समिती होती. तिचे अध्यक्ष धनेश सर, उरलेली समिती मी. सर आम्हाला पर्यावरण शिकवतात आणि त्यांचा माणसापेक्षा परिपत्रकावर जास्त विश्वास आहे. त्यांनी 'निवासी सहभागींसाठी आरोग्यविषयक दक्षता' नावाची एकतीस कलमांची यादी केली. केली म्हणजे २०२० चं परिपत्रक घेतलं, त्याला डेंग्यूचं जोडलं, उन्हाळी शिबिराचं उष्माघाताचं जोडलं आणि वर लेप्टोचं. त्यामुळे कलम चारप्रमाणे खिडक्या उघड्या ठेवायच्या होत्या, हवा खेळती राहावी म्हणून. कलम सतराप्रमाणे त्याच खिडक्या बंद, डास येऊ नयेत म्हणून.

"सर, दोन्ही?" मी विचारलं.

"आळीपाळीने," सर म्हणाले.

यादी मीच टाइप केली. कलम नऊ असं होतं: 'चव अथवा वास येत नसल्यास सहभागीने तत्काळ विलगीकरण कक्षात दाखल व्हावे व आरोग्य समितीस कळवावे.' टाइप करताना मी क्षणभर थांबलो. आरोग्य समितीने आरोग्य समितीला कसं कळवायचं, हे त्यात नव्हतं. मग अक्षर ठळक करायचं राहिलं होतं, ते केलं आणि कलम दहावर गेलो.

पहिल्या दिवशी मी फाटकावर ताप मोजायचं पिस्तूल घेऊन उभा राहिलो. ते चार वर्षं कपाटात होतं. सगळ्यांना सत्त्याण्णव पॉइंट तीन दाखवत होतं. भिंतीलाही. प्रमुख पाहुण्यांना द्यायच्या रोपालाही.

"रोपाचीही नोंद ठेव," सर म्हणाले. "बाहेरून आलंय."

विलगीकरण कक्ष म्हणजे वर्ग क्रमांक सात. तो निवडताना सरांची एक चूक झाली. सात नंबरचे चारही पंखे चालतात आणि भिंतीवरचे सगळे प्लगही. बाकीच्या वर्गांत एकाच प्लगभोवती पंधरा फोन, एखाद्या शेकोटीला बसल्यासारखे. दुपारपर्यंत ही बातमी फुटली. संध्याकाळी घसा खवखवतो म्हणून तिघे दाखल झाले, चहानंतर आणखी सहा. त्यांतली उन्नती नावाची मुलगी गणेशपुरीकडून आलेली. घसा पार बसलाय असं तिने मला इतक्या खणखणीत आवाजात सांगितलं की कॉरिडॉरच्या टोकाचा शिपाई वळून बघायला लागला.

"बोलायला त्रास होतो?" मी फॉर्म भरत विचारलं.

"अजिबात बोलवत नाही," ती म्हणाली आणि पुढे दहा मिनिटं बोलत राहिली.

पहिल्या दिवसाचं जेवण चांगलं झालं. पानं निम्म्याहून कमी, म्हणून मी सव्वाच मूठ मीठ घातलं, तळहातावर डाळ घेतली, वहीत लिहिलं. दोन मुलांनी तिसऱ्यांदा भात घेतला. मावशीने देवीला हात जोडले आणि मग मला, म्हणजे माझ्या तोंडाच्या दिशेने.

दुसऱ्या दिवशी सकाळी कलम चौदा आलं. सर्व सहभागींनी कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या कराव्यात. मी कँटीनमधून मिठाची मोठी बरणी उचलली, मागच्या मैदानात टेबलावर ठेवली, आणि चौऱ्याऐंशी जण भिंतीसमोर रांगेत उभे राहिले. सरांनी शिट्टी वाजवली. एकदम चौऱ्याऐंशी माना मागे.

त्या भिंतीपलीकडे कापडाच्या लूमचा कारखाना आहे. शिफ्ट बदलत होती. दोन कामगार भिंतीच्या तुटक्या भागातून बघायला लागले. त्यांना आवाज नवा नव्हता, त्यांच्याकडे बारा तास याहून मोठा असतो, पण हा माणसांतून येत होता.

"भाई," एकाने मला विचारलं, "ये कौन सा कोर्स है?"

"निवासी."

"इसमें आगे क्या बनते हैं?"

मी विचार केला. "अभी तय नहीं है."

"चलो, फिर ठीक है," तो म्हणाला आणि लूमवर गेला.

गुळण्या संपायला एक तास लागला, कारण काहींनी मीठ जास्त घातलं, काहींनी गिळलं, आणि एकाने विचारलं की उपवास असला तर चालेल का. मग पाहुण्यांचा हार आणायला मी निजामपुऱ्यात जाऊन आलो. कँटीनमध्ये पोहोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. डाळ उकळून खाली उतरलेली, मावशी भात उपसत होती.

मीठ घालणं हे माझं काम. बरणी जागेवर नाही हे मावशीने बघितलं, आणि तिला वाटलं, पोराने मीठ घातलं न् बरणी कुठेतरी ठेवली. सकाळी बरणी उचलण्याआधी मी डाळीत मीठ घातलं होतं की नव्हतं, ते मला आठवेना. आठ महिने रोज तेच, त्यामुळे आठवणीत सगळ्या डाळी एकच झाल्या होत्या. मी हाताकडे बघितलं. हाताला वाटत होतं, घातलं असणार.

अशाच वेळेसाठी चाखणारा माणूस ठेवलेला असतो. साडेबाराला मी तळहातावर डाळ घेतली. नेहमीसारखीच लागली.

चव चांगली, मीठ योग्य. सही.

एक वाजता पंगत बसली. पहिली उन्नती बोलली. तिचा घसा जेवणापुरता सुटला होता.

"ही डाळ आजारी आहे का हो? हिला पण सात नंबरमध्ये घ्या."

तिच्या शेजारचा म्हणाला, त्यालाही काही लागत नाहीये. मग त्याच्या शेजारचा. भाजीही तशीच, म्हणाले. कुरकुर पंगतीच्या या टोकाहून त्या टोकाला गेली, तशी मावशी दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात भाताचा झारा होता आणि त्यातून भात सांडत होता. तिला कळत नव्हतं.

धनेश सर धावत आले. त्यांनी एक काम शांतपणे केलं. नोंदवही उघडली.

"मीठ योग्य," त्यांनी वाचलं. "बारा तीस. सही आहे."

"सर, पण डाळीत नाहीये ना," उन्नती म्हणाली.

"वहीत आहे."

"वही खाऊ का मग?"

सरांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं, कारण त्यांना काहीतरी सुचत होतं. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. त्यांनी खिशातून एकतीस कलमांची यादी काढली, नऊवर बोट ठेवलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "कोणाकोणाला चव लागत नाहीये? हात वर करा."

चौऱ्याऐंशी हात वर झाले. काहींना डाळ लागलेली.

सर खुर्चीवर बसले. "क्लस्टर," ते म्हणाले.

हा शब्द तिथे चार-पाच वर्षांनी आला होता. त्याने जेवढं करायचं तेवढं केलं. मुलं एकमेकांपासून सरकली. कोणीतरी रुमाल तोंडाला बांधला. सरांनी सगळ्यांना सात नंबरमध्ये जायला सांगितलं, मग त्यांच्या लक्षात आलं की सात नंबरमध्ये नीट दाटीवाटीने बावीस मावतात. ते काही सेकंद डोळे मिटून उभे राहिले. मग म्हणाले, "उलट करू. जो बरा आहे त्याला सात नंबरमध्ये ठेवू. बाकीचं कॉलेज विलगीकरण."

"बरा कोण आहे?" शिपायाने विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

अशा रीतीने मी सात नंबरमध्ये गेलो. तिथल्या नऊ जणांना जाऊन आपापले चार्जर काढून आणावे लागले. ते चिडले होते. मी चार पंख्यांखाली एकटा बसलो. खिडकी उघडी होती, चौथ्या कलमाची पाळी होती. खिडकीतून पंगत दिसत होती आणि सगळं ऐकू येत होतं.

मॅडम आल्या. सरांनी त्यांना परिस्थिती सांगितली, हातात वही. आरोग्य विभागाला फोन लावायचा, अँब्युलन्स सांगून ठेवायची, पालकांना कळवायचं. मॅडमनी कपाळावर हात ठेवला. सर म्हणाले, पालकांना मुलांनीच कळवावं, लवकर होईल. उन्नतीने तिथल्या तिथे घरी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"आई, मला चव लागत नाहीये. सगळ्यांनाच नाही लागत. सर म्हणतात साथ आहे."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग तिच्या आईचा आवाज आला.

"काय खाल्लंस?"

"डाळभात."

"डाळीत मीठ आहे का बघ आधी."

 लूमचा आवाज तेवढा येत होता.

"वहीत आहे," सर फोनकडे वाकून म्हणाले.

"वही कोण लिहितं?" फोनने विचारलं.

पुन्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. या वेळी खिडकीच्या गजांतून.

मी हिशोब मांडला, म्हणजे जसा डोक्यात आपोआप मांडला गेला तसा. मी म्हणालो असतो, मीठ आहे, तर डाळ बरोबर, मुलं आजारी. त्यांना तपासायला नेलं असतं, सगळे निगेटिव्ह आले असते, परिसंवाद बुडाला असता, आणि त्या गोंधळात टोपातली डाळ गटारात गेली असती. पुरावा संपला. मावशीचं कँटीन वाचलं. 'योग्य' हा एक शब्द पुरे होता. तो आठ महिने रोज लिहीत होतो, बोलायचा फक्त राहिला होता.

मॅडम मावशीकडे वळल्या. "रंगूबाई, तुम्ही चाखली होती का?"

"मी निवदाआधी चाखत न्हाय, म्याडम."

"मग आता चाखा."

"आजून निवद दावला न्हाय. गडबडीत ऱ्हायला." मावशी माझ्या खिडकीकडे बघत होती. "पन चाखायची गरजच न्हाय. हा बोल्ला ना मीठ हाय, म्हंजी हाय. ह्याची जीभ कमळची हाय. तिच्यानं आठरा वर्सांत कदी चुकला न्हाय. पोरंच आजारी हायत, म्याडम. डाक्टरला बोलवा तुमी लवकर. कोनाच्या लेकरांना काय झालं तर?"

आणि ती खरोखर घाबरलेली होती. चौऱ्याऐंशी मुलं समोर सांगत होती की डाळ अळणी आहे, स्वतःची जीभ टोपापासून दोन हातांवर होती, आणि बाई माझ्या जिभेवर विश्वास ठेवून अँब्युलन्स मागत होती. मला वाटलं, आता तरी काहीतरी वाटेल. पोटात, घशात, कुठेतरी. वाट बघितली. नाही वाटलं. मग तसंच बोललो.

"मॅडम, मला चव लागत नाही."

"तुलाही?" सर म्हणाले. "पंच्याऐंशी."

"नाही सर. मला फेब्रुवारीपासून."

मॅडम खिडकीजवळ आल्या. "फेब्रुवारीपासून म्हणजे?"

"आई गेल्यापासून. मीठ घालायचं काम माझं होतं. आज बहुतेक राहिलं. घातलं असतं तरी मला कळलं नसतं."

मॅडमनी सरांच्या हातातून वही घेतली. ऑक्टोबर, सप्टेंबर, ऑगस्ट. पानं मागे उलटत मार्चपर्यंत गेल्या. सगळीकडे तेच अक्षर, तीच शाई. "मग हे सगळं?"

"अंदाजे."

"हे कळवायला हवं होतंस," धनेश सर म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "कलम नऊ."

"कलम नऊ मीच टाइप केलंय, सर."

 मावशी वळली आणि मागच्या दाराने निघून गेली. मला वाटलं, घरी गेली. पण ती मैदानातून गुळण्यांची बरणी घेऊन आली आणि पंगतीच्या मधोमध ठेवली. झाकण उघडलं. तळाला चारपाच मुठी मीठ होतं. मुलांनी चिमटी चिमटीने घेतलं, डाळीत कालवलं, आणि जेवायला लागली. पाच मिनिटांत साथ ओसरली. सरांनी वहीच्या मागच्या पानावर लिहिलं: एक वाजून पन्नास, बरे झालेले चौऱ्याऐंशी.

"आता छान लागतेय," उन्नती फोनमध्ये म्हणाली.

"मग ठेव फोन, मला कामं आहेत," फोन म्हणाला.

पण पंगतीतल्या दोघातिघांना लेखी तक्रार हवी होती, आणि तक्रारीचा फॉर्म कॉलेजकडे तयार असतो. तो उन्नतीच्या हातात आला, कारण पहिली ती बोलली होती. ती तो घेऊन माझ्या खिडकीशी आली.

"इथे 'तक्रार कोणत्या विभागाविरुद्ध' असं आहे," ती म्हणाली. "मीठ घालायचं काम तुझं ना?"

"हो."

"मग तू कँटीनचा का?"

मी मावशीकडे बघितलं. ती पाठमोरी होती, टोप घासत होती. टोप स्वच्छ होता.

"मी आरोग्य समितीचा," मी म्हणालो.

उन्नतीने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग तिने रकान्यात 'आरोग्य समिती' लिहिलं, सुवाच्य अक्षरात, आणि खाली कारण: गुळण्यांसाठी स्वयंपाकघरातील मीठ नेल्यामुळे जेवण अळणी. धनेश सरांनी समितीचे अध्यक्ष म्हणून पोच दिली आणि शिक्का मारला. मॅडमनी फॉर्म दोनदा वाचला. कँटीनविरुद्ध त्यात काही नव्हतं. त्यांना ते माहीत होतं, आणि मला माहीत होतं की त्यांना माहीत आहे.

"रात्रीच्या जेवणाला मला वहीत खरी नोंद हवी," त्या मावशीला म्हणाल्या. "जीभ असलेल्या माणसाची. ते जमत नसेल तर मी उद्याच केटररला सांगते."

मावशीने मान हलवली. त्यात हो होतं की नाही, ते मला खिडकीतून दिसलं नाही.

मला मात्र सात नंबरमध्येच राहायचं होतं. दुपारी मी तिथे एकटा बरा म्हणून होतो, आता एकटा आजारी म्हणून. जागा बदलावी लागली नाही. सरांनी दारावरची पाटी उलटी करून लावली, तेवढंच. संध्याकाळभर मी पंखे बघत बसलो. चारांतला एक किंचित उशिरा फिरतो.

सात वाजता मावशी आली. एका हातात ताट, दुसऱ्या काखेत वही. ताट बाकावर ठेवून समोरच्या बाकावर बसली. त्या बाकांवर ती कधी बसली नव्हती. पाय कुठे ठेवायचे ते तिला कळेना.

"मना सांगितलं न्हाईस."

"नाही."

"आठ म्हयनं माझ्या तोंडावर छान छान बोल्लास."

"छानच असणार, मावशी. लोक खात होते."

"लोक काय, लोक गुळन्या पन करतात." तिने पाय बाकाखाली घेतले. "तेराव्याला पन?"

"तेराव्यालाच पहिल्यांदा."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. कँटीनमध्ये भांडी वाजत होती, मुलं जेवायला येत होती.

"मग आज चाखलं कोणी?" मी विचारलं.

"मी."

"निवदाच्या आधी?"

"आधी. देवीला बोल्ले, कमळ गेली, पोराची जीभ गेली, आता तूच जरा थांब."

"मग? देवी काय म्हणाली?"

"काय बोलंल? तुझी आय बोलायची तेच खरा. गप बसली." तिने नाक ओढलं. "दीड मूठ कमी होता मीठ. मी घातला. चाखायची सवय न्हाय तर जीभच चावली मी. हसू नको."

मी हसत नव्हतो. तिलाही ते दिसत होतं, पण तिने म्हणून टाकलं.

वही तिने माझ्यासमोर सरकवली. तिला सही येते, बाकी लिहायला वेळ लागतो. मी दिनांक घातला, पदार्थ घातले. चव: चांगली. मीठ: योग्य. वेळ: साडेसहा. तिने पेन घेतलं आणि जीभ दाताखाली धरून 'रंगूबाई' असं लिहिलं. शेवटच्या 'ई'चं शेपूट रकान्याबाहेर गेलं.

"आता जेव," ती म्हणाली.

मी जेवलो. डाळ गरम होती. भात मऊ होता. तेवढं कळलं. ती समोर बसून प्रत्येक घासाबरोबर माझ्या तोंडाकडे बघत होती, आई तळहात चाटायची तेव्हा तिच्या तोंडाकडे बघायची तशी.

"कशी झालीय?"

"माहीत नाही, मावशी."

"बरं. ल्ही तसा."

"रकाना नाहीये तसा."

"खाली लय जागा हाय."

मी तिच्या ओळीखाली नवी ओळ घेतली. पुन्हा तोच दिनांक, तीच डाळ. चव: माहीत नाही. मीठ: माहीत नाही. सही. आठ महिन्यांत पहिल्यांदा अक्षर जरा वाकडं आलं.

मावशीने ताट उचललं, वही मिटून काखेत घेतली आणि दारापाशी थांबली.

"उद्या परत इचारीन," ती म्हणाली. आणि पंगत वाढायला गेली.